प्रमाण द्या, महाराज!

पेठच्या एसटी स्टँडवर उतरणाऱ्या माणसाचं काय चाललंय, हे त्याच्या सामानावरून ओळखतात. हातात डब्याची पिशवी असेल तर अंबड-सातपूरला कंपनीत आहे. नवी कोरी बॅग आणि पायात बूट असतील तर पोलीस भरतीची तयारी चालू आहे. चादरीची गाठोडी घेऊन अख्खं कुटुंब उतरलं तर द्राक्षबागांवरचं काम आटोपून आलं आहे. मी उतरलो तेव्हा माझ्या खांद्यावर मृदंग होता. या सामानाचा अर्थ कोणाला लागेना. स्टँडसमोरच्या चहावाल्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पांढरं धोतर, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गोपीचंदन. मग आजारी माणसाची चौकशी करावी तशा आवाजात त्याने विचारलं, "कंपनीनं काढलं का रे?"

काढलं नव्हतं. पण ठेवलं होतं असंही म्हणता येत नाही. मी मेकॅनिकलचा डिप्लोमाधारक. तीन वर्षांचा डिप्लोमा मी साडेचार वर्षांत केला, म्हणजे इतरांपेक्षा जास्त शिकलो. मग एका कारखान्यात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर लागलो. अकरा महिने झाले की ब्रेक देतात. यंत्राला ब्रेक लावला की यंत्र थांबतं, कामगाराला लावला की पगार थांबतो, एवढाच फरक. असे तीन ब्रेक खाल्ल्यावर चौथ्या ब्रेकमध्ये आजोबांनी विचारलं, "रिकामाच आहेस, तर दिंडीला चल. माझी पिशवी धरायला माणूस हवा."

आजोबा माळकरी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्यांनी एकदाही दांडी मारलेली नाही. त्या वर्षी नाथांच्या पालखीबरोबर मी त्र्यंबकहून पंढरपूरला चालत गेलो. म्हणजे आजोबा चालले, मी वाटभर दुरुस्त्या करत गेलो. दिंडीतला जनरेटर, पाण्याच्या टँकरचा नळ, भोंग्याचा अ‍ॅम्प्लिफायर, एका आजीबाईंच्या चपलेचा अंगठा. पंढरपूर दोन मुक्कामांवर असताना दिंडीचे महाराज म्हणाले, "माउली, तुमचे हात फार चांगले आहेत. तोंड कधी उघडणार?"

ते उघडण्यासाठी मी आळंदीला गेलो.

आळंदीत वारकरी शिक्षण संस्था १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी सुरू केली. जोग महाराज तरुणपणी तालमीत रमणारे पैलवान. कीर्तनकाराला चार वर्षं नीट शिकवून तयार करावं, नुसत्या ऐकीव ज्ञानावर सोडू नये, ही कल्पना पैलवानालाच सुचू शकते. पुढे पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले सोनोपंत दांडेकर हे त्यांचेच शिष्य. आज त्या मूळ संस्थेखेरीज लहानमोठ्या कितीतरी वारकरी शिक्षणसंस्था आळंदीच्या गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या एका छोट्या संस्थेत मी दाखल झालो. वय वर्षं पंचवीस. वर्गातल्या सगळ्यात ज्येष्ठ विद्यार्थ्याचं वय बारा.

ज्येष्ठ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. तो तीन वर्षं आधी आलेला. गीता पाठ, हरिपाठ पाठ, विष्णुसहस्रनाम पाठ. मला त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचं काय काय पाठ आहे?" मी म्हटलं, "माझा डिप्लोमा झालाय." तो क्षणभर थांबला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "असू द्या. होईल हळूहळू."

पहिली परीक्षा धोतराची. पँट ही मला समजणारी वस्तू आहे. तिला चेन असते, बटण असतं, पट्टा असतो, म्हणजे एक बिघडलं तर दुसरं धरून ठेवतं. धोतराला नट नाही, बोल्ट नाही, पिन नाही. सगळी जोडणी निव्वळ घर्षणावर. आणि ड्रॉइंग कोणाकडेच नाही. ज्येष्ठाने मला तीनदा नेसवून दाखवलं आणि तीनदा मी ते जसंच्या तसं नेसलो. चौथ्या दिवशी इंद्रायणीच्या घाटावर पायऱ्या उतरताना माझी जोडणी निसटली. त्या दिवसापासून मी निऱ्या खोचताना कंपनीतल्यासारखा फॅक्टर ऑफ सेफ्टी धरू लागलो. त्यामुळे माझं पोट नेहमी भरल्यासारखं दिसे. माधुकरीच्या वेळी त्याचा तोटा झाला.

माधुकरीचीही गंमत सांगतो. रोज झोळी घेऊन ठरलेल्या घरी जायचं, "माधुकरी वाढा, माउली" म्हणायचं, मिळेल ते आणून सगळ्यांनी मिळून खायचं. आठवडाभर फिरल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. कोणत्या घरी किती मिनिटं थांबावं लागतं, कुठे भाकरी, कुठे पोळी, कोणत्या वारी भात, याची मी वहीत नोंद केली. गल्लीचा नकाशा काढला. आठ घरांऐवजी तीनच घरी गेलं तर निम्म्या वेळेत तेवढंच अन्न मिळतं, असं सिद्ध केलं आणि तो कागद अभिमानाने संस्थेच्या महाराजांपुढे ठेवला.

महाराजांनी तो नीट वाचला. चष्मा काढला. म्हणाले, "फार छान. आता मला सांगा, याला माधुकरी का म्हणतात?"

"मधुकर म्हणजे भुंगा, महाराज."

"तो एकाच फुलाचं सगळं घेऊन फूल मोकळं करतो का?"

मी गप्प. "तुमच्या तीन घरांतली माणसं महिन्याभरात दार लावून घेतील," महाराज म्हणाले, "आणि बाकीच्या पाच घरांना वाटेल, आपलं काही चुकलं का." मी वही मिटली. एका यंत्रावर सगळा लोड टाकू नये, हे मला कारखान्यात कोणी शिकवायचं बाकी ठेवलं नव्हतं. तिथे ते यंत्रांच्या बाबतीत पाळत. माणसांच्या बाबतीत उरलेला लोड माझ्यावर असे.

खरा गोंधळ पाठांतराने घातला. महाराज एक चरण म्हणत, आम्ही तो दोनदा म्हणायचा. अर्थ नंतर. मला हे पटेना. पॉलिटेक्निकमध्ये आम्ही अर्थही नंतर आणि पाठही नंतर, अशा पद्धतीने शिकलो होतो. मी ज्येष्ठाला बाजूला घेतलं. "हरिपाठाचे अभंग सत्तावीस. यातले इम्पॉर्टंट कोणते?"

"म्हणजे?"

"म्हणजे एकवीस अपेक्षित."

त्याने माझ्याकडे इतक्या निष्पाप नजरेने पाहिलं की मला माझ्या साडेचार वर्षांची लाज वाटली. "सगळेच अपेक्षित आहेत," तो म्हणाला. पुढे मला एक पोथी अशी सापडली की जिच्यात अठ्ठावीस अभंग छापलेले. मी लगेच विचारलं, यातली चालू रिव्हिजन कोणती? ड्रॉइंगची जुनी प्रत शॉप फ्लोअरवर राहिली तर शंभर जॉब रिजेक्ट होतात, हे मी पाहिलेलं आहे. महाराज म्हणाले, "तुम्ही आधी पहिला अभंग न अडखळता म्हणा. अठ्ठाविसाव्यापर्यंत वाद पोचणार नाही."

पोचला नाहीच. पहाटे चारला काकडा, मग संथा, मग पुन्हा संथा. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या वर. तुकोबांच्या गाथेच्या सरकारी प्रतीत अभंग ४६०७. डिप्लोमात कुठल्याही विषयाचं पुस्तक शेवटच्या आठवड्यात उघडलं तरी चाळीस मार्कांची सोय होत असे. इथे चाळीस टक्के ओवी म्हणता येत नाही. ती एकतर येते, नाहीतर सगळ्यांसमोर येत नाही.

एका रात्री वैतागून मी घोंगडीत पडलो होतो आणि मला अचानक फिटिंग शॉप आठवलं. पहिल्या वर्षी सरांनी माझ्या हातात लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा आणि कानस दिली होती. सांगितलं, घास. किती घासायचं? काटकोनात येईपर्यंत. कशासाठी? ते नंतर. मी सबंध सत्र तो तुकडा घासला. तळहाताला फोड आले. सर यायचे, गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. मधून उजेड दिसला की म्हणायचे, "घास." त्या तुकड्याचं पुढे काहीही केलं नाही. तो भंगारात गेला. पण त्यानंतर माझ्या हाताला सपाट म्हणजे काय ते कळू लागलं, डोळे मिटूनसुद्धा. तेव्हा मी सरांना अर्थ विचारला नव्हता. मग महाराजांना का विचारतोय?

दुसऱ्या दिवसापासून मी घासायला लागलो. अभंग घशात काटकोनात बसेपर्यंत.

मग माझी गाडी थोडी रुळावर आली. ती पहिल्यांदा धावली मृदंगावर. मृदंगाच्या एका तोंडाला शाई असते, दुसऱ्या तोंडाला, म्हणजे धुमेला, वाजवण्याआधी कणीक लावतात. गव्हाच्या पिठाचा गोळा भिजवून पुडीच्या मधोमध थापायचा. जास्त लावली की आवाज बसतो, कमी लावली की फडफडतो. खोडाच्या कडेने वादी, वादीखाली लाकडी गट्टे. हातोडीने गट्टा खाली ठोकला की ताण वाढतो, स्वर चढतो. हे सगळं मला न शिकवता समजलं. मी वर्गात उभं राहून सांगितलं की नुसत्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, मधोमध वजन टाकलं की जुळतात. यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली संशोधन प्रसिद्ध केलं होतं. नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी, पण आधी त्यांनी आपल्या वाद्यांवर लक्ष घातलं होतं. वर्ग थक्क झाला. मृदंगाचे बुवा तेवढे थक्क झाले नाहीत. ते म्हणाले, "रामनसाहेबांनी किती कणीक लावायची ते सांगितलंय का?" नव्हतं. "मग ते मी सांगतो."

याच विद्येच्या जोरावर एका सुट्टीत मी घरी पेठला फजिती करून घेतली. पाड्यावर भजन होतं, घरात गव्हाचं पीठ नव्हतं. आमच्या डोंगरात नागली, वरई, भात. गहू दुकानातून येतो. मी म्हटलं, पीठ ते पीठ, वजनाशी कारण. नागलीचा गोळा थापला. पहिल्या थापेला तडा गेला, तिसऱ्या थापेला गोळा उडून थेट टाळकऱ्याच्या टोपीवर. गव्हात चिकटपणा असतो, नागलीत तो नसतो. म्हणून तर आई नागलीची भाकर थापते, पोळी लाटत नाही. आईला हे माहीत होतं, इंजिनिअरला नव्हतं. आजोबा शांतपणे म्हणाले, "भाकरीला भाजून घे, मग वाजव."

तरी मृदंगाचा मला अभिमान आहे आणि त्याला पेठ रस्त्याचा पुरावा आहे. नाशिकहून पेठला येताना वाटेत रामशेज किल्ला लागतो. औरंगजेबाच्या फौजेला तो काही वर्षं दाद देत नव्हता. खाफीखानाने लिहून ठेवलंय की गडावर लोखंडी तोफ नव्हती, म्हणून लोकांनी झाडाचे ओंडके कोरले, त्यांना कातडं मढवलं आणि त्यांच्या तोफा केल्या. आता कोरलेलं लाकूड आणि वर कातडं, याला आमच्याकडे काय म्हणतात? एसटी रामशेजजवळून जाताना मी मांडीवरचा मृदंग जरा सरळ धरतो.

वरच्या वर्गात वेदान्ताची तोंडओळख सुरू झाली आणि मला वाटलं, आता आपला सासुरवास संपला. कारण तिथे भेटलं ते सगळं ओळखीचं. घडा कसा होतो? माती हे एक कारण. कुंभार, काठी आणि चाक हे दुसऱ्या जातीचं कारण. मग महाराजांनी विचारलं, "माती गाढवावरून आली. गाढव कारण आहे का?"

मी कंपनीत दर सोमवारी व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिसला बसलेला माणूस. जॉब का बिघडला? टूल झिजलं. का झिजलं? बदललं नाही. का नाही? असं पाच वेळा "का" विचारून मूळ कारणाशी पोचायचं असतं. मी छातीठोकपणे म्हटलं, "गाढव कारण आहे, महाराज."

"नाही," महाराज म्हणाले. "गाढव नसतं तर माती डोक्यावरून आली असती. जे असलं-नसलं तरी कार्य घडतं, ते कारण नव्हे. न्यायशास्त्रात गाढव निर्दोष सुटतं."

मला भरून आलं. आमच्याकडे पाचव्या "का"च्या शेवटी नेहमी गाढवच सापडायचं, आणि ते बहुतेक वेळा कंत्राटी असायचं.

मग आला धूर. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान करायचं. महाराजांनी उलटं विचारलं, "अग्नी आहे तिथे धूर असतोच का?" वर्ग म्हणाला, "असतो." मी हात वर केला. कारखान्यात भट्टीतून साडेआठशे डिग्रीला निघालेला लालबुंद जॉब मी रोज पाहिलाय. आग आहे, धूर नाही. महाराजांचा चेहरा उजळला. म्हणाले, हेच उदाहरण शास्त्रात आहे. तापलेला लोखंडाचा गोळा. शेकडो वर्षांपूर्वी तर्क मांडणाऱ्याला नेमकं माझंच डिपार्टमेंट आठवलं, याचा आनंद मी कसा सांगू! धुरासाठी नुसता अग्नी पुरत नाही, ओलं इंधन लागतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. ते मात्र पेठच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. आषाढात आमच्या घरी सरपण असं ओलं असतं की चुलीजवळ आई दिसतच नाही. तिच्या खोकल्यावरून ती आहे असं आम्ही अनुमान करतो.

या जोरावर मला पहिल्या वर्गकीर्तनाला उभं केलं. निरूपण बरं चाललं होतं. मी एक विधान केलं आणि मागून महाराजांचा आवाज आला, "प्रमाण द्या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "एकास दोन."

ड्रॉइंगवर प्रमाण म्हणजे स्केल. कीर्तनात प्रमाण म्हणजे आपल्या बोलण्याला आधार देणारं संतवचन. वेदान्तात प्रमाण म्हणजे ज्ञानाचं साधन, आणि अशी साधनं सहा. एकाच शब्दाची तीन खाती, आणि मी चुकीच्या खात्यातून पैसे काढले. वर्ग इतका हसला की मृदंगावरची कणीक हलली. त्या दिवसापासून जेवणाच्या पंगतीत ज्येष्ठ मला वाढताना विचारू लागला, "भात कोणत्या प्रमाणात?"

चौथ्या वर्षी पाड्यावर अखंड हरिनाम सप्ताह बसला आणि एका रात्रीचं कीर्तन मला मिळालं. टाळ धरायला मी ज्येष्ठाला बरोबर आणलं. तो आता पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, तरी ज्येष्ठच. सगळा पाडा जमला. पेठहून चहावालाही आला, बहुधा कंपनीने का काढलं ते कीर्तनात कळेल म्हणून. मी सुरुवात केली. अर्ध्या तासाने एका वळणावर प्रमाण हवं होतं आणि माझं डोकं कोरं झालं. हात घामेजले. तेवढ्यात माझ्या मागून, टाळाचा ठेका न मोडता, ज्येष्ठाने पहिले दोन शब्द माझ्या कानात टाकले. पुढचे आपोआप आले, घासलेले होते. लोकांना वाटलं, महाराज भावविवश होऊन थांबले. एक आजीबाई तर रडल्या.

कीर्तन संपतंय तोच कोणीतरी धावत आलं. विहिरीवरची मोटार बंद. उद्याच्या पंगतीला पाणी नाही. मी धोतर वर खोचून निघालो, मागे ज्येष्ठ बॅटरी घेऊन. मोटार नुसती घूंऽऽ करत होती, फिरत नव्हती. सिंगल फेज मोटार गुणगुणते पण उठत नाही, तेव्हा आधी कपॅसिटर बघायचा. मी मेन स्विच पाडला, झाकण उघडलं. ज्येष्ठाने बोट पुढे केलं.

"थांब! हात नको लावू."

"वीज तर बंद केली ना?"

"केली. तरी त्याच्यात शिल्लक असते."

तो क्षणभर विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे प्रारब्ध! ज्ञान झालं तरी देह चालतो. काठी काढली तरी कुंभाराचं चाक फिरत राहतं तसं."

मी इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर दोन्ही टोकांना एकदम टेकवला. चट् आवाज झाला, निळी ठिणगी उडाली. ज्येष्ठाने हात जोडले. "संपलं?"

"संपलं."

शेजारच्या बंद मोटारीतला कपॅसिटर काढून हिला बसवला. स्विच टाकला. पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी महाप्रसादाच्या पंगतीत मी कान टवकारून बसलो होतो. दीड तास घाम गाळून केलेल्या निरूपणाबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही. पाहुण्यांना मात्र सगळे सांगत होते, "आमच्या महाराजांचं रात्री फार छान झालं. एका तासात पाणी आणलं." आजोबांना विचारलं तर म्हणाले, "कीर्तन ऐकून पाणी येतं असं पुराणात आहे. डोळ्यांनी काल पाहिलं."

आळंदीला परत निघालो तेव्हा स्टँडवर एसटीला वेळ होता. चहावाल्याने बाकावरचं फडकं झटकलं, कप पुढे केला आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला महाराज म्हणाला.

"महाराज, एक शंका होती."

मी मनातल्या मनात सहाही प्रमाणं तयार केली. "विचारा, माउली."

"हा वरचा पंखा. नुसता गुणगुणतो, फिरत नाही. हाताने ढकलला तर फिरतो."

मी मृदंग बाकावर ठेवला, स्टूल ओढलं, बटण बंद करायला लावलं. तो मदतीला म्हणून हात वर नेणार, एवढ्यात ज्येष्ठ गंभीरपणे म्हणाला,

"हात लावू नका. प्रारब्ध शिल्लक आहे."